आठ दिवसांतला एक दिवस

"जिवंत माणसाला लागू होत नाही ती! किती वेळा सांगू? या आठ दिवसांतली दंडमाफी फक्त मेलेल्यांना जाते, मेलेल्यांना!" नणंदबाईंनी कॅलेंडरवर काठीचं टोक असं आपटलं, की भिंतीतला खिळाच डगमगला. "अख्खा एक दिवस पाण्यात घातलास. आणि माझ्या भावाचं नाव कुठाय यात? दाखव मला. कुठाय?"

"वन्सं, हळू बोला. खाली ऐकू जातं."

"जाऊ दे ऐकू. लाँड्रीवाल्यालाही कळू दे, आपली बटणवाली वर काय कारभार करते ते."

बटणवाली म्हणजे तीच. तिला नाव होतं, पण ते कागदपत्रांपुरतं. एकवीस वर्षं ती खालच्या लाँड्रीसाठी तुटलेली बटणं, बिघडलेल्या चेन आणि उसवलेल्या शिवणी दुरुस्त करत होती आणि लाँड्रीच्याच वरच्या दोन खोल्यांत राहत होती. धुवायला आलेल्या कपड्याला टाचलेल्या चिठ्ठीवर 'बट.' असं लिहिलेलं असलं, की तो कपडा जिन्याखाली तिच्या मशीनपाशी यायचा. कॅलेंडरही लाँड्रीचंच होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठ चौकोनांत तिने कापडावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने नावं लिहिली होती. एक तारखेला सासरे, दोनला सासूबाई, तीनला तिची आई. पाचला, म्हणजे आज, तिचा तापाने गेलेला धाकटा भाऊ. सहाला तळमजल्यावरची म्हातारी, जिच्या मागे मेणबत्ती लावायलाही कुणी नव्हतं. सात आणि आठ कोरे. आणि मध्येच, चारच्या चौकोनात, 'मुंगी'.

नणंदबाईंचा नवा चष्मा आज संध्याकाळीच दुकानातून आला होता. त्याचा हा पहिला उपयोग.

"आत्या, आधी बसा तरी," मुलगा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून येऊन नुकताच हातपाय धुऊन पाव खात बसला होता. "आणि मला एकदा नीट सांगा, हे आहे काय नक्की. लहानपणी शिकवलंत, पण विसरलो."

"विसरणारच. शेवटच्या बाकावर बसून कागदाची विमानं करत होतास." चौतीस वर्षं नणंदबाईंनी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण दिलं होतं. कुणी विचारलं की भांडण अर्ध्यावर टाकून त्या शिकवायला बसत. "कन्फेशनमध्ये पाप सांगितलं, की पाप माफ होतं. पण त्याची शिक्षा भोगायची उरते. ती इथे भोगा, नाहीतर मेल्यावर शुद्धिस्थानात भोगा. ती उरलेली शिक्षा माफ करून घेणं म्हणजे दंडमाफी. कळलं?"

बटणवालीला हे तिच्या पद्धतीने केव्हाच कळलेलं होतं. शर्टावरचा डाग निघतो, पण डागाभोवतीची पिवळट कड राहते. ती कड घालवणं हे वेगळं काम असतं आणि त्याला वेगळी मेहनत लागते.

"आणि ती मिळवायची कशी?" नणंदबाई बोटांवर मोजायला लागल्या. "कन्फेशन. कम्युनियन, म्हणजे प्रार्थनेच्या मिस्सेत पवित्र भाकर घेणं. पोपसाहेबांच्या हेतूंसाठी प्रार्थना. या आठ दिवसांत दफनभूमीत जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना. एका दिवसाला एकच. मनात कुठल्याही पापाची ओढ नको, अगदी बारीकशीसुद्धा नको. आणि कन्फेशनला एक जरी मोठी गोष्ट मुद्दाम मागे ठेवली, तर ते कन्फेशनच नाही. पुढचं सगळं बाद."

"म्हणजे लिफ्टसारखंच," मुलगा म्हणाला. "एका मजल्याचं दार नीट लागलं नाही, तर सगळी लिफ्टच हलत नाही."

"देवाच्या गोष्टीत लिफ्ट आणू नकोस."

सुनेने हसू दाबलं आणि चहाचा कप आत्याबाईंच्या पुढे सरकवला. बटणवाली मात्र हसली नाही. 'पुढचं सगळं बाद' हे शब्द तिच्या कानात सुईसारखे टोचून राहिले होते. तिने ऑक्टोबरच्या शेवटी कन्फेशन केलं होतं. आणि एक गोष्ट मागे ठेवली होती.

"आता हे सांग," नणंदबाई पुन्हा तिच्याकडे वळल्या. "त्या पोरीचं नाव कशाला घातलंस?"

"ऑपरेशन झालंय तिचं. पित्ताशयाचं. महिना होऊन गेला, आणि मला गेल्या आठवड्यात कळलं." तिने मुलाकडे पाहिलं. त्याने पावाच्या तुकड्याकडे पाहिलं. बहिणीला तो महिन्यातून एकदा भेटतो, हे या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. "मला वाटलं, तिला लागेल."

"दंडमाफी म्हणजे काय टॉनिक आहे? जिवंत माणसाने आपली आपण मिळवायची असते. आणि ती कशी मिळवणार? घटस्फोटित माणसाबरोबर राहते. चर्चमध्ये लग्न नाही, कम्युनियन नाही."

मुंगी म्हणजे तिची मुलगी. लहानपणी सारखं काहीतरी ओढून घरात आणायची, म्हणून मुंगी. नऊ वर्षांपूर्वी तिने त्या माणसाशी कोर्टात लग्न केलं आणि त्याच संध्याकाळी सांगायला घरी आली. बाप दारात उभा राहून म्हणाला, इथे यायचं नाही. मग आत वळून बायकोला म्हणाला, कडी लाव. तिने लावली. मुंगी जिन्यावर थोडा वेळ उभी होती. तिच्या चपलांचा आवाज उतरत गेलेला बटणवालीने आतून ऐकला होता. गेल्या डिसेंबरात बाप गेला, तेव्हा मुंगी चर्चच्या शेवटच्या बाकावर येऊन बसली होती आणि मिस्सा संपायच्या आत निघून गेली होती.

"माझा भाऊ शब्दाला पक्का होता," नणंदबाई म्हणाल्या. "हॉस्पिटलातसुद्धा तू विचारलंस, मुलीला बोलावू का, तर नाही म्हणाला. मी बाहेर बाकावर बसले होते, तूच येऊन सांगितलंस. मरता मरताही डगमगला नाही. आणि अशा माणसाला आठातला एक दिवस नाही?"

नणंदबाईंचा आवाज एकदम खाली आला, आणि तो वरच्या आवाजापेक्षा ऐकायला अवघड होता.

"आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. मी त्याला कडेवर वाढवला. माझे गुडघे धड असते तर रांगत गेले असते त्या दफनभूमीच्या टेकाडावर, तुझ्या तोंडाकडे बघत बसले नसते. दोन दिवस उरलेत. एक त्याला दे. दुसरं काही मागत नाही मी."

"खाली कोट पडलाय," बटणवाली म्हणाली. "सकाळी द्यायचाय." आणि ती जिना उतरली.

लाँड्रीत शेवटची इस्त्री चालली होती. वाफेचा वास, ओल्या लोकरीचा वास, दोरीवर टांगलेल्या शर्टांच्या रांगा. तिने दिवा मशीनवर ओढला आणि कोट मांडीवर घेतला. पुरुषाचा कोट, चार बटणं, मेण लावलेला दुपदरी दोरा. हे काम ती झोपेतही करू शकली असती. चारही बटणं लावून तिने दोरा तोडला आणि कोट काउंटरवर नेऊन ठेवला.

लाँड्रीवाल्याने तो उलटापालटा करून पाहिला. "बटणवाली, गिऱ्हाईकाने काय आरशात बघून कोट घालायचा?"

बटणं काजांच्याच बाजूला लागली होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

"द्या इकडे."

"राहू द्या, सकाळी करा. वरचा आवाज ऐकला मी." तो इस्त्रीची वायर गुंडाळत म्हणाला, "आमच्यात बरं. मेलेली माणसं गप्प असतात."

तिने कात्री घेतली आणि तिथेच उभं राहून चारही बटणं उसवली.

सकाळी मिस्सेच्या आधी फादर वीस मिनिटं कन्फेशनला बसत. वयाने तिच्या मुलाएवढे असतील. सर्दीने नाक बंद झालेलं. ती गुडघ्यांवर बसली. मधल्या जाळीवरचा जांभळा पडदा तिनेच दोन वर्षांपूर्वी दुमडून शिवला होता. आज डाव्या कोपऱ्यात टाका सुटलेला दिसत होता. आत काय बोलायचं याचा विचार करण्याऐवजी ती त्या टाक्याकडेच बघत राहिली.

"सांगा," फादर म्हणाले.

"फादर, मागच्या कन्फेशनला मी एक गोष्ट ठेवून घेतली होती."

"आता सांगा."

तिने सांगितलं. नवरा गेला त्याचा आदला दिवस. दुपारची भेटीची वेळ. ती त्याच्या हॉस्पिटलच्या सदऱ्याचं वरचं बटण लावत होती, ते लोंबत होतं आणि पर्समध्ये सुई नव्हती म्हणून ती चरफडत होती. तेव्हा तो म्हणाला, मुंगीला बोलाव. अगदी स्पष्ट म्हणाला. दोनदा म्हणाला.

"मग?"

"मी म्हटलं, उद्या बोलावते. फोन पर्समध्येच होता. मला राग आला होता, फादर. आठ वर्षं घरात तिचं नाव काढायची चोरी. मी डोळे पुसले की विचारायचे, कांदा चिरतेस का. आणि आता श्वास पुरेना तेव्हा आठवण आली? मी मनात म्हटलं, राहा एक दिवस वाट बघत. मी राहिले, तुम्हीही राहा."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"पहाटेच गेले."

फादरांनी नाक पुसलं. ती पुढे म्हणाली, "बाहेर नणंदबाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, मुलीचं विचारलं, नाही म्हणाले. तेच त्यांना हवं होतं. आता त्या ते सगळ्यांना अभिमानाने सांगतात. मुलाला सांगतात. मुलीच्याही कानावर गेलंच असणार."

"म्हणजे मुलीला वाटतंय, बापाने शेवटपर्यंत नाकारलं."

"हो."

"तुमचा राग अजून आहे?"

तिने खरंच विचार केला. "रागाचा मला आधार होता, फादर. राग होता तोवर त्यांना दिवस द्यायचा नाही असं ठरवून बसता येत होतं. पण त्यांचं नाव लिहायला पेन्सिल घेतली की मला ते बटण दिसतं."

पलीकडे फादर खोकले.

"आणि दंडमाफीच्या यादीत मी मुलीचं नाव घातलं होतं," ती म्हणाली. "ते चालत नाही म्हणे."

"नाही चालत. मुलगी राहते कुठे?"

"दोन बस बदलल्या की पोचतं. औषधांच्या दुकानात असते काउंटरवर."

"पत्ता आहे?"

"आहे."

"मग बाई, तिच्याकडे जायला देवाला मध्ये कशाला घालता? बसने जा ना." त्यांना शिंक आली. "आणि ज्यांच्याशी खोटं बोललात त्यांना खरं सांगा. हेच तुमचं प्रायश्चित्त."

"दहा नमो मरिया म्हणायला दिल्या असत्या तर बरं झालं असतं, फादर."

"त्याही म्हणा. बसमध्ये वेळ असतो."

"आणि मागचे पाच दिवस? ते बाद झाले का?"

"त्याचा हिशेब देवाकडे. तुम्ही टाके मोजत बसू नका."

मिस्सेत तिने कम्युनियन घेतलं आणि टेकाड चढून दफनभूमीत गेली. आजचा दिवस तळमजल्यावरच्या म्हातारीचा होता, तो तिने म्हातारीलाच दिला. रांगेत घुसणं तिला कधी जमलं नव्हतं. पोपसाहेबांच्या हेतूंसाठी एक 'हे आमच्या बापा', एक 'नमो मरिया', मग म्हातारीसाठी. पाच दिवस ती फाटकातून आत शिरून उजवीकडच्या लांबच्या वाटेने जात होती, कारण डावीकडची जवळची वाट नवऱ्याच्या कबरीवरून जायची. आज ती डावीकडून परतली. कबरीवरच्या सिमेंटला अजून नवेपणा होता. कडेला गवत आलं होतं, ते तिने उपटलं.

"तुमचा उद्या," ती म्हणाली. 'उद्या' या शब्दावर ती जरा अडखळली. मग म्हणाली, "या वेळी खरंच उद्या." आणि बस पकडायला निघाली.

औषधांच्या दुकानात सात माणसांची रांग होती. ती शेवटी उभी राहिली. मुंगीने पांढरा कोट घातला होता. तिचा चेहरा ओढलेला होता आणि केसांत कडेला पांढरं दिसत होतं. कोटाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. कुणी लावून दिलं असेल, की हिनेच लावलं असेल, आईच्या डोक्यात आलं. रांग पुढे सरकली.

"चिठ्ठी?" मुंगीने मान वर न करता हात पुढे केला.

"चिठ्ठी नाही."

हात तसाच राहिला. मग मुंगीने वर पाहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. या बाबतीत ती बापावर गेली होती.

"आई, मागे लोक उभे आहेत."

"दोन मिनिटं. बाबांनी तुला बोलाव म्हटलं होतं. हॉस्पिटलात. दोनदा म्हणाले. मी बोलावलं नाही."

"दादा तर म्हणाला—"

"दादाला मी खोटं सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं."

मागच्या माणसाने घसा खाकरला. मुंगीने त्याच्याकडे हात केला, त्याची चिठ्ठी घेतली, कपाटातून दोन डबे काढले, एक चुकीचा निघाला, तो परत ठेवला, बरोबरचा आणला, गोळ्या कधी घ्यायच्या ते त्याला दोनदा सांगितलं. तो माणूस गेला तरी ती त्याच्या जागेकडेच बघत होती.

"हे मला आत्ता सांगतेस," ती म्हणाली. "अकरा महिन्यांनी. रांगेत उभी राहून."

"हो."

"मी तुला लगेच माफ करेन असं समजू नकोस."

"नाही समजत. रविवारी जेवायला ये. त्यांनाही घेऊन ये."

"रविवारी ड्युटी आहे." मुंगीने काउंटरवरचा कागद सरळ केला. पुढच्या बाईची चिठ्ठी घेतली. ती वाचता वाचताच म्हणाली, "दीडला सुटते."

संध्याकाळी सगळे घरात होते. सून बेकरीतून आलेली, मुलगा पाय पसरून बसलेला, नणंदबाई खिडकीपाशी रोझरी हातात घेऊन. बटणवालीने चपला काढल्या आणि सरळ कॅलेंडरपाशी गेली. निळ्या पेन्सिलीने सातच्या चौकोनात तिने नवऱ्याचं नाव लिहिलं. 'मुंगी'वर एक रेघ मारली.

नणंदबाईंनी चष्मा वर केला, वाचलं, आणि त्यांचे डोळे भरले. "देव भलं करो तुझं," त्या म्हणाल्या.

"थांबा, वन्सं. माझं भलं चिंतायच्या आधी ऐका." ती पाठ भिंतीला लावून उभी राहिली. "हॉस्पिटलात ते नाही म्हणाले नव्हते. मुंगीला बोलाव म्हणाले होते. मी बोलावलं नाही आणि बाहेर येऊन तुम्हाला खोटं सांगितलं."

मुलाने पाय आवरले. सुनेच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

"खोटं आहे हे," नणंदबाई म्हणाल्या. "तू आत्ता खोटं बोलतेयस. त्या पोरीसाठी."

"आज सकाळीच कन्फेशन केलंय. कशाला बोलू खोटं?"

हे नणंदबाईंना खोडता येईना. चौतीस वर्षं त्यांनीच शिकवलेलं होतं. रोझरीचे मणी त्यांच्या बोटांत एकाच जागी अडकून राहिले. मग त्यांनी विचारलं, "नाव घेतलं त्याने तिचं? की पोरीला बोलाव म्हणाला?"

"मुंगी म्हणाले."

नणंदबाईंनी मान खिडकीकडे वळवली. लहानपणी भावाला कडेवर घेताना धरला असेल, तसा एक हात त्यांनी कमरेपाशी धरला होता.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "आणि आठ तारीख? तो चौकोन कोराच आहे. रविवारी कुणासाठी जाणार?"

बटणवालीने पेन्सिल कानामागे खोचली.

"कुणासाठीच नाही. रविवारी सकाळची मिस्सा करून मी घरी येणार, टेकाडावर जाणार नाही. मला स्वयंपाक आहे. मुंगी आणि तिचा नवरा दीडनंतर जेवायला येतायत. आतल्या खोलीतलं टेबल ओढून घ्या, सहा माणसं बसायची आहेत. वन्सं, तुम्ही आमच्याबरोबर बसलात तर बसा, नाहीतर तुमचं ताट आत झाकून ठेवीन. आणि दाराची कडी मी सकाळीच काढून ठेवणार आहे. ती कुणी लावायची नाही."